ताप गेला, धास्ती राहिली : सातारा-सांगलीच्या साथींचा एक न लिहिलेला भाग

"डॉक्टर, रिपोर्ट सगळे चांगलेत म्हणताय, मग मला झोप का लागंना?"

ऑगस्ट २०२१. कृष्णेचा पूर ओसरून काही आठवडे झाले होते. वाळवा तालुक्यातले एक शेतकरी समोर बसले होते. वय पन्नाशीच्या पुढे. मे महिन्यात कोविडमुळे एकोणीस दिवस ऑक्सिजनवर होते. आता ऑक्सिजन ९८, छातीचा एक्स-रे जवळजवळ साफ, साखर आटोक्यात. शर्टाच्या खिशात मात्र पल्स ऑक्सिमीटर होता. बोलता बोलता त्यांनी तो दोनदा काढून बोटाला लावला. शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "रात्री दोनला उठत्यात आणि ते चिमट्यागत बोटाला लावून बसत्यात. रानात जायचं नाव नाही."

खरे सांगतो, त्या दिवशी मी त्यांना "टेन्शन घेऊ नका, आता तुम्ही ठणठणीत आहात" एवढेच सांगून पाठवले. बाहेर रांग होती. पंधरा दिवसांनी ते परत आले तेव्हा वजन तीन किलोने उतरले होते. मग मी नीट ऐकून घेतले. बाजूच्या खाटेवरचा माणूस रात्री तीनच्या सुमारास गेला होता. तेव्हापासून घड्याळात तीन वाजेपर्यंत यांचा डोळा लागत नव्हता.

तुमच्यापैकी अनेकांनी कोविड, डेंग्यू, टीबी किंवा एखादा मोठा न्यूमोनिया अंगावर काढला असेल, नाहीतर घरात पाहिला असेल. शरीर बरे होते, पण माणूस पूर्वीसारखा होत नाही, हा अनुभव नवा नाही. आपल्याच भागात गेल्या सव्वाशे वर्षांत तो तीन-चार वेळा मोठ्या प्रमाणावर येऊन गेला आहे. त्याचा इतिहास मी या लेखात सांगणार आहे, कारण तो वाचताना मला माझ्या त्या शेतकरी रुग्णाला काय सांगायला हवे होते ते उमगले.

गाठीचा ताप

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला. रेल्वेने आणि माणसांबरोबर तो देशावर आला. तेव्हा सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती, आणि आजच्या सांगली जिल्ह्यातला तासगाव-वाळव्याकडचा मुलूख सातारा जिल्ह्यातच मोडत होता. (१९४९मध्ये दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला आणि १९६०मध्ये त्याचे नाव सांगली पडले. म्हणून या लेखात मी दोन्ही जिल्ह्यांना एकाच पंक्तीत बसवतो आहे.) या पट्ट्याने प्लेग एकदा नव्हे, वर्षानुवर्षे पाहिला. साथ यायची, जायची, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा उंदीर पडू लागायचे. १८९६नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत भारतात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

काखेत किंवा जांघेत गाठ, भणभणता ताप, बडबड, आणि चार-पाच दिवसांत निकाल. जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४मध्ये हाँगकाँगला शोधला होता. उंदरावरची पिसू तो माणसात आणते हे पॉल-लुई सिमॉन यांनी १८९८मध्ये दाखवले, आणि तो प्रयोग कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच झाला. पण घरात उंदीर मरून पडला की गाव सोडायचे, हे आपल्या खेडुतांना त्या कागदाची वाट न पाहता कळले होते. गावे उठून माळावर, शेतात झोपड्या बांधून राहत. पुढे सरकारनेही हाच उपाय अधिकृत केला.

इथे एक फरक तुमच्या ध्यानात यावा असे वाटते. माळावर सगळे गाव बरोबर जात असे. चुली शेजारी-शेजारी पेटत. आजारी माणूस वेगळ्या झोपडीत असला तरी तो आपल्या माणसांच्या हाकेच्या अंतरावर असे. याउलट १८९७च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. पुण्यात सोल्जर घराघरांत शिरून रुग्ण शोधू लागले. संशयितांना एका छावणीत आणि घरच्यांना दुसऱ्या छावणीत नेऊ लागले. लोकांनी रुग्ण लपवायला सुरुवात केली. चीड इतकी वाढली की २२ जून १८९७ रोजी प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. वैद्यकीयदृष्ट्या दोन्ही ठिकाणी विलगीकरणच होते. शरीराला दूर ठेवणे आणि माणसाला तोडून टाकणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा घाव रोगापेक्षा जास्त दिवस राहतो.

त्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकीने, सावित्रीबाई फुले यांनी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच प्राण सोडला. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रुग्ण आणत होत्या. रुग्ण लपवले जात असतानाच्या काळातली ही गोष्ट आहे.

आता एक आकडा. गाठीच्या प्लेगवर उपचार केला नाही तर शंभरातले तीस ते साठ रुग्ण दगावतात. आज स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन अशा औषधांनी तो बरा होतो. तेव्हा यातले काहीच नव्हते, तरीही उरलेले चाळीस ते सत्तर जण वाचत होते. म्हणजे प्लेगमधून उठलेली हजारो माणसे या गावांतून फिरत होती. सरकारी तक्त्यांत 'लागण' आणि 'मृत्यू' असे रकाने असत. वाचलेल्यांचे पुढे काय झाले, त्यांना झोप लागत होती का, पुन्हा उंदीर दिसल्यावर त्यांच्या छातीत धस्स होत होते का, याला रकाना नव्हता.

मिरजेचा एक वाचलेला माणूस

एका वाचलेल्या माणसाची गोष्ट मात्र मिरज विसरलेली नाही.

कैराना गावचे तरुण गायक अब्दुल करीम खाँ बडोद्याच्या दरबारात होते. तिथून ताराबाई माने यांच्यासह ते बाहेर पडले आणि एकोणिसावे शतक संपता संपता मिरजेला आले. इथे त्यांना प्लेगने गाठले, असे मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. वाचण्याची आशा नाही अशा स्थितीत त्यांना ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात नेले, तिथे त्यांनी गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले, अशी ती आठवण.

आता तुम्ही विचाराल, डॉक्टर असून तुम्ही हे सांगता? दर्ग्याने प्लेग बरा झाला की त्यांच्या शरीराने, यावर मी काही बोलणार नाही. वरचा आकडा मी त्यासाठीच दिला आहे. उपचाराविना वाचणारे बरेच असत. मला रस आहे तो त्यानंतर काय झाले यात. इतिहासात पक्के नोंदलेले आहे ते तेवढेच.

खाँसाहेबांनी मिरज आपली मानली. हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५मध्ये मिरजेचाच. दौरे मुंबई, पुणे, म्हैसूर, मद्रास असे होत, पण दर्ग्याच्या उरुसात गाण्याची हजेरी ते देत राहिले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असताना सिंगपेरुमाळ कोविल या छोट्या रेल्वे स्टेशनवर त्यांचे निधन झाले, आणि देह मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केला गेला. आजही उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. मोठमोठे कलाकार मानधनाचा विचार न करता गाऊन जातात. मिरजेची तंतुवाद्ये ज्या गावात बनतात त्या गावाला शोभणारी ही रीत आहे.

मानसशास्त्राची पुस्तके उघडली तर मोठ्या आजारानंतर मन सावरायला मदत करणाऱ्या गोष्टींत तीन-चार नावे पुन्हा पुन्हा येतात. घडलेल्या प्रसंगाला स्वतःपुरता काही अर्थ लावता येणे. 'हा आजारी होता' म्हणून दूर न लोटणारी माणसे. स्वतःचे काम पुन्हा हातात येणे. आणि वर्षात एखादी तरी ठरलेली तारीख, जिच्यासाठी तयारी करावी लागते. खाँसाहेबांच्या कहाणीत हे सगळे एकाच आवारात सापडते. आजारपणाची जागा त्यांनी टाळली नाही. दरवर्षी तिथेच जाऊन आपले उत्तम काम केले. ज्या वॉर्डात आपण मरता मरता वाचलो त्या रस्त्याने जायलाही अनेक रुग्ण कचरतात, हे मी रोज पाहतो. म्हणून मला या गोष्टीचे मोल वाटते. अर्थात ते असामान्य कलावंत होते आणि आपण सगळे तसे नाही, हेही खरे.

मानमोडी

प्लेगची सवय झाली असतानाच १९१८ साली इन्फ्लूएन्झा आला. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणत. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. भारतात सव्वा कोटी किंवा त्याहून अधिक माणसे गेली असे अंदाज आहेत, आणि त्यांत वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे जास्त होती. आमच्या लहानपणी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'मानमोडीच्या साली' ही कालगणना असे, पण त्यापुढे कुणी काही बोलत नसे.

तापानंतर मनाचे काय होते याचा त्या साथीतला नीट केलेला अभ्यास अमेरिकेतला आहे. बोस्टनमध्ये कार्ल मेनिंजर या तरुण डॉक्टरांनी फ्लूनंतर मानसिक बिघाड झालेले शंभर रुग्ण पाहिले आणि १९१९मध्ये ते प्रसिद्ध केले. कुणाला भ्रम, कुणाला गंभीर उदासी, तर काहींची लक्षणे आजच्या भाषेत स्किझोफ्रेनियासारखी. त्या काळी असा रुग्ण कायमचा गेला असेच मानत. मेनिंजर यांनी काही वर्षांनी यांतल्या रुग्णांचा पुन्हा माग काढला, तेव्हा बहुसंख्य बरे झालेले दिसले. हे लक्षात ठेवा. संसर्गानंतरचा मानसिक बिघाड कितीही भयानक दिसला तरी तो बऱ्याचदा परतीच्या वाटेवरचा असतो.

पाचगणी आणि वानलेसवाडी

क्षयाची गोष्ट वेगळी. प्लेग आठवड्यात निकाल लावत असे. क्षय वर्षानुवर्षे माणसाला लटकत ठेवत असे.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२मध्ये शोधला, पण त्यावर चालणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३पर्यंत मिळाले नाही. मधल्या साठ वर्षांत उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न. त्यासाठी जगभर आरोग्यभवने, सॅनेटोरियम उभी राहिली. आपल्याकडे डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२मध्ये पाचगणीला 'बेल-एअर' काढले. पाचगणी सव्वाचार हजार फुटांवर, हवा थंड. इकडे मिरजेला कॅनडाहून आलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांचे हॉस्पिटल १८९४पासून चालू होते. पुढे पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात सांगली-मिरज रस्त्याला क्षयरुग्णांसाठी वेगळे सॅनेटोरियम झाले. आज बसमध्ये 'वानलेसवाडी' असे तिकीट मागणाऱ्या कितीजणांना हे नाव एका डॉक्टरचे आहे हे माहीत असते, कोण जाणे.

सॅनेटोरियमची दिनचर्या जगात सगळीकडे साधारण सारखीच होती. व्हरांड्यात ओळीने खाटा. दिवसातून अनेकदा थर्मामीटर. आठवड्याला वजन. दुपारी सक्तीची शांत झोप. काहींच्या छातीत सुईने हवा भरून फुप्फुस दाबून ठेवत, म्हणजे त्याला 'विश्रांती' मिळेल. काहींच्या बरगड्या काढत. असे महिनेच्या महिने, कधी दोन-तीन वर्षे.

अशा ठिकाणी मनाचे काय होत असेल? तिथल्या डॉक्टरांना ते दिसत होते. रुग्णाला थर्मामीटरचा आकडा हाच दिवसाचा निकाल वाटू लागे. अर्धा अंश चढला की सगळा दिवस वाया. (पल्स ऑक्सिमीटर आठवला ना?) आणि बरे वाटू लागल्यावर एक उलटीच अडचण येई. घरी जायची भीती. इथे सगळेच क्षयाचे, कुणी कुणाला नावे ठेवत नाही. बाहेर मात्र पेला वेगळा, अंथरूण वेगळे, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर आजाराचे नावही काढायचे नाही.

यावर इंग्लंडमधल्या फ्रिमली सॅनेटोरियमच्या डॉ. मार्कस पॅटरसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक साधी युक्ती काढली. ताप उतरलेल्या रुग्णाला त्यांनी खाटेवरून उठवले. आधी ठरावीक अंतर चालायचे. ते जमले की हलकी टोपली उचलायची. मग जड टोपली. मग लहान फावडे, मग मोठे. ताप आला तर पुन्हा खालच्या पायरीवर. त्यांचा हेतू फुप्फुसाचा होता, पण फायदा मनालाही झाला, कारण रुग्णाला स्वतःच्या अंगावर पुन्हा भरवसा बसू लागला. आज आम्ही मोठ्या आजारानंतर 'हळूहळू हालचाल वाढवा, दमलात तर एक पाऊल मागे या' असे सांगतो, त्याची ही जुनी आवृत्ती आहे.

सॅनेटोरियमचे युग संपवले ते मात्र आपल्याच देशाने. १९५६मध्ये मद्रासला क्षयाच्या औषधोपचारांचे संशोधन केंद्र सुरू झाले. तिथे गरीब वस्तीतल्या रुग्णांचे दोन गट केले. एक सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपल्या घरी. औषधे तीच, वर्षभर. घरी जागा कमी, खाणे कमी, कामाची दगदग जास्त. १९५९मध्ये निष्कर्ष आला की दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले. पुढे घरातल्या माणसांवर काही वर्षे लक्ष ठेवले, तर रुग्ण घरी राहिल्यामुळे त्यांना जास्त लागण झाली असेही दिसले नाही. लागण जी व्हायची ती बहुधा निदानाच्या आधीच होऊन गेलेली असते. या एका अभ्यासाने जगभरच्या खाटा रिकाम्या झाल्या. बेल-एअर १९६४मध्ये रेडक्रॉसकडे गेले आणि नंतरच्या काळात एचआयव्हीच्या रुग्णांना त्याने आसरा दिला.

शास्त्राने क्षयरुग्णाला घरी पाठवून साठ-पासष्ट वर्षे झाली. घरांनी त्याला आत घेतले आहे का? माझ्याकडे आजही टीबीचे रुग्ण येतात ज्यांचे ताट मोरीपाशी वेगळे ठेवलेले असते. टीबी ताट-वाटीने पसरत नाही. तो खोकल्यातून, हवेतून पसरतो, आणि साध्या टीबीत योग्य औषधे सुरू झाली की पसरण्याची शक्यता पहिल्या काही आठवड्यांतच झपाट्याने कमी होते. वेगळ्या ताटाने कुणाचे रक्षण होत नाही. ज्याचे ताट वेगळे असते तो मात्र औषध अर्धवट सोडण्याची शक्यता वाढते, हे मी पाहिले आहे.

पुन्हा २०२०

मार्च २०२०च्या अखेरीस इस्लामपुरात कोविडचे रुग्ण सापडले आणि काही दिवसांत आकडा पंचविसाच्या आसपास गेला. सगळ्या राज्याचे लक्ष तिकडे लागले. ते लोक बरे होऊन घरीही आले, पण त्या दिवसांत गावाचे नाव सांगायलाही लोक बिचकत होते. पुढे २०२१च्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली. राज्याच्या इतर भागांत ती उतरली तरी सातारा, सांगली आणि कोल्हापुरात जुलैपर्यंत रेंगाळली, आणि वर महापूर.

या वेळी आपण प्लेगच्या माळापेक्षा प्लेगच्या छावणीचीच पद्धत जास्त वापरली. रुग्ण एकटा ॲम्ब्युलन्समध्ये चढत होता. पीपीई घातलेली माणसे, ज्यांचे चेहरेही दिसत नव्हते. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता, हे मी त्या यंत्रणेचाच एक भाग म्हणून सांगतो. पण त्याची किंमत मोजावी लागली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

अमेरिकेतल्या दोन लाख छत्तीस हजार कोविड रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत सुमारे तिघांमागे एकाला मेंदूचे किंवा मनाचे काहीतरी निदान झाले होते, त्यांत चिंतेचे विकार सर्वांत जास्त, सुमारे १७ टक्के. त्याआधी २००३च्या सार्समधून वाचलेल्या हाँगकाँगच्या जवळपास एक हजार रुग्णांचा दीड वर्ष माग ठेवला गेला होता. त्यांत एक तृतीयांशाहून थोडे अधिक लोक मनाने सुरुवातीपासून स्थिर राहिले, काही हळूहळू सावरले, पण बरेच जण अठरा महिन्यांनंतरही त्रासात होते. स्थिर राहिलेल्यांत वेगळे काय होते? त्यांना माणसांचा आधार जास्त होता आणि आजाराची सततची धास्ती कमी होती. 'खंबीर स्वभाव' असे म्हणून आपण ज्याचे श्रेय एकट्या माणसाला देतो, त्यातले बरेचसे त्याच्या आजूबाजूच्या माणसांचे असते.

आयसीयूत राहिलेल्यांचा त्रास आणखी वेगळा. तिथे अनेकांना भ्रम होतो. छतावर माणसे दिसतात, नर्स आपल्याला विष देते आहे असे वाटते. घरी आल्यावर ही तुकड्या-तुकड्यांची आठवण खरी की खोटी हे कळत नाही, आणि 'वेडा म्हणतील' म्हणून माणूस सांगत नाही. युरोपातल्या काही आयसीयूंमध्ये नर्स आणि नातेवाईक रोज दोन-चार ओळींची डायरी लिहितात. आज खिडकीपाशी खाट हलवली, आज मुलगा भेटून गेला. पुढे रुग्ण ती वाचतो आणि त्याचे हरवलेले दिवस त्याला परत मिळतात. तुमच्या घरचे कुणी आयसीयूत असेल तर साध्या वहीत तुम्हीही हे करू शकता.

तुमच्या घरात असे कुणी असेल तर

मोठ्या संसर्गानंतर पहिले काही आठवडे थकवा, चिडचिड, कमी झोप, विसरभोळेपणा हे बहुतेकांना होते आणि ते ओसरते. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज मन उदास असेल, आवडीच्या गोष्टींतून मन उडाले असेल, त्याच प्रसंगाची स्वप्ने पडत असतील, दवाखान्याच्या नुसत्या वासानेही घाम फुटत असेल, कामावर जाणे टाळले जात असेल, तर डॉक्टरकडे या आणि हेच शब्द वापरून सांगा. 'अशक्तपणा आहे, टॉनिक द्या' एवढेच सांगितलेत तर आम्ही टॉनिक देऊन मोकळे होण्याचा धोका असतो.

आम्ही आधी शरीर तपासतो, कारण सगळेच मनाचे नसते. रक्त कमी असणे, थायरॉइड, बी-१२, साखर यांनीही असेच वाटते. औषधेही कारण असतात. स्टेरॉइडने झोप उडते, मन भरकटते. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी दिले जाणारे सायक्लोसेरिन काहींना तीव्र उदासी किंवा भास आणते. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद करू नका. त्याच दिवशी ज्यांनी दिली त्यांना गाठा. औषधाचा डोस किंवा औषध बदलता येते. त्यानंतर समुपदेशन, आणि गरज पडली तर डिप्रेशनची औषधे. त्यांची 'सवय लागते' ही भीती बहुतेक औषधांबाबत चुकीची आहे, मात्र ती अचानक थांबवायची नसतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून मेडिकलमधून स्वतः आणून त्या घेऊ नका.

'जगून काय करू' असे कुणी बोलले तर ते बोलणे आहे म्हणून सोडून देऊ नका. त्याला एकटे ठेवू नका. कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणा. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२पासून आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र, मराठीतही बोलता येते. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते.

माझ्या त्या शेतकरी रुग्णाचे सांगायचे राहिले. आम्ही एक करार केला. ऑक्सिमीटर काकूंच्या ताब्यात, दिवसातून दोनदाच बोटाला लावायचा. पहिल्या आठवड्यात बांधापर्यंत चालत जाऊन परत. दुसऱ्या आठवड्यात विहिरीपर्यंत. फावडे महिन्यानंतर. झोपेसाठी आणि चिंतेसाठी काही महिने औषध चालले. दिवाळीनंतर ते ऊसतोडीच्या गडबडीत दोन तारखा चुकवून आले. मी रागावलो नाही. ऑक्सिमीटर कुठे आहे, असे विचारले, तर काकू म्हणाल्या, "त्याची बॅटरी संपली, ती आणायचीच राहिली बघा."